निर्मात्याचं नाव

फॉर्मवर चौथा रकाना होता: निर्मात्याचं नाव. मी तिथे माझं नाव लिहिलं.

आरटीओच्या खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "सार, इथे कंपनीचं नाव लिहायचं." मी सांगितलं की कंपनी नाही, गाडी मी घरी बांधली आहे. "ते ठीक आहे, पण बनवली कोणी?" मी परत म्हटलं, मी. त्याने वळून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तमिळमधून सांगितलं, या तात्तांनी, म्हणजे आजोबांनी, स्वतः कार बनवली म्हणे. दोघांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बालवाडीतल्या पोराने कागदाची होडी करून आणली की मोठी माणसं तशी बघतात. मग त्याने पट्टी घेतली, माझ्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि फॉर्म बाहेर सरकवला.

पट्टीने मारली. रागाने फॉर्म फाडला असता तर मी भांडलो तरी असतो. पण त्याने माझं नाव इतक्या टापटिपीने खोडलं की मी तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवून घरी आलो.

मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका संरक्षण कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो. बाविसाव्या वर्षी जळगावकडून इथे आलो तेव्हा तमिळमधले 'पाणी' आणि 'जेवण' एवढे दोनच शब्द येत होते. काम अवजड गाड्यांचं. ज्या गाड्या सव्वीस जानेवारीला टीव्हीवर दिसतात आणि ज्यांच्याकडे बोट दाखवून लोक लेकरांना म्हणतात बघ आपली ताकद, त्या गाड्यांची चाकं आणि धुरे माझ्या हातांनी बसायचे. शॉपच्या, म्हणजे आमच्या कार्यशाळेच्या, दारातून गाडी बाहेर पडली की तिचा माझा संबंध संपला. अडतीस वर्षांत एकाही गाडीची चावी मी हातात धरली नाही. त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण प्रत्येक गाडीवर माझा नंबर असायचा.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच उभा आहे. कारखान्यात प्रत्येक कामगाराला तिकीट नंबर असतो. आमच्या शॉपमध्ये रीत अशी होती की जोडणी पूर्ण झाली की करणाऱ्याने लोखंडी पंच आणि हातोडी घेऊन त्या भागावर आपला तिकीट नंबर ठोकायचा. दहा वर्षांनी वाळवंटात कुठे तो भाग तुटला तर कोणाचं काम ते कळलं पाहिजे. नंबर ठोकणं ही सही नव्हे, जबाबदारी आहे. नंबर नसलेला भाग आमच्याकडे भंगार. माझा नंबर दोन सात एक चार. त्यातला सात नेहमी थोडा उजवीकडे कलायचा, कितीही जपलं तरी. माझं काम दुरूनही ओळखू यायचं.

नंबर पडला की तपासणारा यायचा. आमच्यात म्हण होती, करणारा तपासत नाही आणि तपासणारा करत नाही. तो एकेका बोल्टला पाना लावून बघायचा आणि पटलं तर बोल्टवर रंगाचा हिरवा पट्टा ओढायचा. हिरवा पट्टा पडला की करणाऱ्याचा हक्क संपला. मग त्या बोल्टला मी हातसुद्धा लावायचा नाही, जरी तो मीच आवळलेला असला तरी. मला ही रीत फार आवडायची. जगात इतर कुठे इतका चोख न्याय मी पाहिलेला नाही.

निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी घरात बसून डोकं फिरायला लागलं. बायकोचंही तेच. ती तंजावरी मराठी घरातली, जन्म इथलाच, मद्रासमधला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न झालं तेव्हा तिची मराठी मला आजीच्या आजीची वाटायची आणि माझी मराठी तिला भांडणासारखी वाटायची. अजूनही कधी कधी वाटते. माझ्या आधी वर्षभर ती निवृत्त झाली आणि सगळ्यांना चकित करून ड्रायव्हिंग स्कूलला गेली. एकोणसाठाव्या वर्षी तिने लायसन्स काढलं, पहिल्या फटक्यात. घरात गाडी नव्हती. मी विचारलं, हे लायसन्स फ्रेम करून लावायचं का? ती म्हणाली, "अस्कं आयुष्य मागे बसून गेलं. बाबांच्या सायकलवर मागे. तुमच्या स्कूटरवर मागे. एकदा तरी पुढे बसून, स्वतः चालवून शाळेच्या दारात जाऊन उभी राहीन म्हणते."

अस्कं म्हणजे सगळं. तो शब्द ती वापरते तेव्हा त्यात खरंच सगळं असतं.

मी कुठलीही गाडी विकत आणू शकलो असतो, निवृत्तीचे पैसे होते. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. आयुष्यभर सरकारच्या गाड्या जोडल्या, एक आपल्या घरची जोडू. दुसऱ्या राज्यातला एक विक्रेता दोन सीटची छोटी उघडी गाडी सुट्या भागांत विकायचा. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी, सोबत जाडजूड पुस्तिका. इंजिन आपण आणायचं. फोनवर मी त्याला तीन वेळा विचारलं, गाडी रस्त्यावर चालवायची आहे, कागदपत्रांचं काय? तीनही वेळा तो म्हणाला, सगळं होतं सर, आमचे कितीतरी कस्टमर चालवतात. कुठे चालवतात हे मी विचारलं नाही. आपल्या शेतात चालवत असतील. पैसे घेईपर्यंत हा माणूस मधाचा होता, सामान पोचल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. असल्या लोकांच्या जिभेला हाड नसतं हे मला साठी उलटल्यावर कळलं, ही माझी अक्कल.

पोर्टिकोत काम सुरू झालं. आमचं घर लहान, पण पोर्टिको मोठा, कारण घर बांधताना तिने हट्टाने सांगितलं होतं की कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायला जागा हवी. त्या कोलमच्या जागेवर सांगाडा उभा राहिला. तिने कोलम फाटकाबाहेर नेलं. पुदुपेटच्या जुन्या भागांच्या बाजारात आठ दिवस फिरून इंजिन शोधलं, एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचं, तीन सिलिंडरचं. उघडून, घासून, रिंगा बदलून नवं केलं. शेजाऱ्यांनी पहिल्या महिन्यातच नाव ठेवलं, बोम्मै कार. म्हणजे खेळण्यातली गाडी. सकाळी दूध घेऊन जाताना लोक फाटकावरून डोकावायचे आणि विचारायचे, बोम्मै कार कधी चालणार, सार? मी खाली मान घालून पाना फिरवत असे.

पुढचं चाक धरणारा पहिला लोखंडी हात बसवला, पाना लावून बोल्ट आवळले आणि माझे हात थांबले. तपासणार कोण? मी स्वतःचं काम स्वतः पास करणं शक्यच नव्हतं. तिला बोलावलं. ती म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, तुला काही कळावं लागत नाही. पुस्तिकेत लिहिलंय एवढा जोर, पान्यावर आकडा दिसतो, आकडा जुळतो का बघ. गणिताच्या मास्तरणीला हे सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तिने दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, समास आखले, भागाचं नाव, तारीख, निकाल असे रकाने पाडले आणि हिरव्या रंगाचा छोटा डबा नि बारीक ब्रश घेऊन स्टुलावर बसली.

ती पट्टा ओढत नसे. बरोबरची खूण करायची, वहीत करतात तशी, शेपूट लांब सोडून. मी सांगितलं की तपासणीचा पट्टा सरळ असतो. तिने ऐकलं नाही. तीस वर्षं ज्या खुणेने पोरं पास केली तीच खूण मी करणार, म्हणाली. मग करू दे म्हटलं.

आणि काय छळलं तिने मला! ब्रेकची नळी मी स्वतः वाकवून, टोकं पसरवून बसवली होती. असलं काम हजारदा केलेलं. ती नळीखालून बोट फिरवून म्हणाली, ओलं आहे. मी म्हटलं, हवा दमट आहे, चेन्नईत भिंतींनाही घाम येतो. ती आत गेली, कोलमच्या पिठाचा डबा घेऊन आली आणि नळीच्या जोडावर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरवलं. "जेवून या," म्हणाली. जेवून आलो तर पांढऱ्या पिठात मोहरीएवढा काळा डाग. जोड झिरपत होता. तिने वहीत लाल शाईने 'पुन्हा करा' लिहिलं, आणि खाली तारीख. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नवी नळी बसवली. कारखान्यात अशा तपासणाऱ्याला आम्ही घाबरायचो आणि मनातून मानायचो.

चौदा महिने गेले. मे महिन्यात अग्नी नक्षत्राच्या उन्हात पाना हातात धरवत नसे, तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचो. डिसेंबरच्या पावसात गल्लीचं पाणी पोर्टिकोत चढलं तेव्हा आम्ही दोघांनी आधी गाडी उचलून ठोकळ्यांवर चढवली आणि मग फ्रिजकडे गेलो. फ्रिज गेला.

शेवटी एक दिवस सगळं झालं. मी कपाटातून जुने नंबर पंच काढले, निवृत्तीच्या दिवशी शॉपमधल्या सोबत्यांनी दिलेले, आणि बॉनेटखालच्या आडव्या नळीवर चार ठोके दिले. दोन, सात, एक, चार. सात कललाच. तिला हाक मारली, बघ, आता एवढीच खूण राहिली. ती ब्रश घेऊन आली, नंबर बघितला, आणि ब्रश परत डब्यात ठेवला. "ही खूण आता नाही. गाडी रस्त्यावर जाऊन आली की मग. तुम्हीच म्हणटलां ना, शेवटचा पास बाहेर निघाल्यावर." तसं मी खरंच सांगितलं होतं. आमच्याकडे गाडी चाचणीच्या रस्त्यावर फिरून आल्याशिवाय शेवटचा पट्टा पडायचा नाही. मला तिचं कौतुक वाटलं. ती मनात शाळेच्या दाराशी पोचलीही होती, हे दिसत होतं.

मग तो फॉर्म, तो कारकून आणि ती पट्टी. त्यानंतर मी कचेरीच्या अकरा फेऱ्या मारल्या. कोणी म्हणे कंपनीचं पत्र आणा, कोणी म्हणे विक्रेत्याचं. विक्रेता फोन उचलत नव्हता. शेवटी एका अधिकाऱ्याने कंटाळून सांगितलं, गाडी चाचणीच्या मैदानावर आणा, बघू. आम्हाला आनंद झाला. गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून ती चालवत नेणं शक्य नव्हतं, तेव्हा छोटा टेम्पो केला. इथे त्याला कुट्टी यानै म्हणतात, पिल्लू हत्ती. हत्तीच्या पाठीवर आमची गाडी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. तिच्या मांडीवर वही होती. तिने केसांत मोगरा माळला होता.

अधिकारी आला. मी वाट बघत होतो की आता हा ब्रेक बघेल, चाक हलवून बघेल, दिवे लावायला सांगेल. त्याने बॉनेट उघडायला लावलं, वाकून नंबर बघितला आणि त्यावर नख फिरवलं. "इंद नंबर यार पोट्टदु?" हा नंबर कोणी टाकला?

मी छाती पुढे काढून म्हणालो, "नान्दान." मीच.

तो सरळ उभा राहिला. त्याचा आवाजच बदलला. हाताने ठोकलेला नंबर, त्यातला एक आकडा वाकडा, मागे कंपनी नाही, इंजिन बाजारातलं. गाडी कोणाची आहे, कधी उचलली, असं तो विचारायला लागला. चोरीच्या गाड्यांवर नंबर असेच ठोकतात म्हणाला. मला आधी कळेचना. ज्या चार ठोक्यांनी मी सांगत होतो की हे माझं आहे, उद्या काही झालं तर माझा गळा धरा, त्याच चार ठोक्यांवरून हा मला चोर ठरवत होता! चोर कधी आपला तिकीट नंबर ठोकून जातो का? मी पेन्शनचं ओळखपत्र काढलं, त्यावरचा तिकीट नंबर दाखवला. तो म्हणाला, म्हणजे सरकारी नंबर खासगी मालावर वापरला, ते आणखी वाईट. मैदानावर लायसन्सच्या परीक्षेला आलेली पोरं गोळा झाली होती. बायको पुढे झाली आणि तिने वही उघडून त्याच्यासमोर धरली, पावत्या एकेक करून चिकटवलेल्या, सांगाड्याची, इंजिनाची, टायरांची. त्याने दोन पानं उलटली. पावत्या पाहून तो नरमला, पण बाकीचं काही त्याने वाचलं नाही. गाडी जप्त करत नाही, तुमच्या वयाकडे बघून सोडतो, म्हणाला. रस्त्यावर आणलीत तर बघा.

मी म्हटलं, ब्रेक तरी तपासा. तो म्हणाला, कशाला, रस्त्यावर जाणारच नाही तर?

हेच ते. या एका वाक्यावर मला आजही रात्रभर भांडता येईल. नियम नकोत असं मी म्हणत नाही. अडतीस वर्षं मी नियमांची भाकरी खाल्ली. कोणीही उठून चार नळ्या जोडाव्यात आणि लोकांच्या अंगावर घालाव्यात, हे मीच होऊ देणार नाही. माझं म्हणणं एवढंच, तपासा. नापास करा, पण तपासा. आमच्या गल्लीतून पाण्याची एक टँकर लॉरी रोज जाते. तिचा डावा दिवा दोरीने बांधलेला आहे, वळताना ती अशी कण्हते की कुत्री उठून बाजूला होतात, आणि थांबवायला ड्रायव्हर फाटकाच्या दगडाचा आधार घेतो. तिच्या काचेवर फिटनेसचा कागद आहे, कारण तिच्या चौथ्या रकान्यात कंपनीचं नाव आहे. आणि जिच्या प्रत्येक बोल्टवर हिरवी खूण आहे, जिच्या ब्रेकच्या जोडाची पीठ टाकून परीक्षा झाली, तिच्यासाठी या लोकांकडे बोट ओलं करायलाही वेळ नाही. असो म्हणायची सवय आहे आपल्याला. मी म्हणत नाही असो.

येताना हत्तीत मोगरा तिने कधी काढून ठेवला ते मला दिसलंच नाही.

मग शहाणे जमायला लागले. मुलगा आयटीत आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, मराठी समजतो आणि उत्तर अर्ध्या इंग्रजीत देतो. त्याने फोनवर सांगितलं, "अप्पा, माझ्या फ्रेंडचा कॅफे आहे. तो शोपीस म्हणून ठेवेल. लोक बसून फोटो काढतील. तुमचं नाव पण लावू ना, बोर्डवर." आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार? मी विचारलं, इंजिन काढून ठेवशील की तसंच? तो म्हणाला, इंजिनची गरज नाही ना. मी फोन ठेवला.

कचेरीबाहेरच्या चहावाल्याकडे एक दलाल बसायचा. त्याने मला अकरा फेऱ्या मारताना पाहिलं होतं. एक दिवस घरीच आला. गाडीभोवती फिरला, शिट्टी वाजवली आणि म्हणाला, फार सोपं आहे, सार. ज्या मोडक्या गाडीचं इंजिन आणलंत तसल्याच एखाद्या गाडीचा खरा चासी नंबर आणि कागद मी देतो. ती गाडी तर भंगारात गेली. तुमचा हा नंबर ग्राइंडरने घासून टाका, तो नंबर ठोका. कागदावर ती गाडी, रस्त्यावर ही. रंग बदलला, बॉडी बदलली असं दाखवू. पंधरा दिवसांत मॅडम गाडी चालवतील. सगळे असंच करतात.

मी त्याला फाटकाबाहेर काढला. म्हणजे चोरासारखा नंबर ठोकला म्हणून साहेब रागावतो, आणि खरोखर चोरासारखा ठोकला की कागद मिळतात! मी दिवसभर घरात येरझारा घालत होतो आणि त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरत होतो.

पण संध्याकाळी पोर्टिकोत आलो तर ती गाडीत बसली होती. गाडी बंद होती. हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या दहा आणि दोनवर, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तसे. समोर बंद फाटक. मला बघून ती उतरली आणि कोलमचं पीठ कुठे ठेवलं म्हणून उगाच शोधायला लागली. तिचं वय वाढतंय, माझंही. नियम बदलेपर्यंत आमच्यातलं कोण गिअर टाकायच्या अवस्थेत राहणार? चार आकड्यांसाठी मी तिला अजूनही मागेच बसवून ठेवतोय, असं मला वाटलं. माझा नंबर कारखान्यातल्या कितीतरी गाड्यांवर आहे, या एकीवर नसला तर काय बिघडलं? मी दलालाला फोन केला. तो म्हणाला, आयुधपूजेनंतर, विजयादशमीला सकाळी येतो, मुहूर्त चांगला आहे. चोरालाही मुहूर्त लागतो.

तिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. तिने विचारलं, "घासणार कोण?" मी म्हटलं, मीच घासीन. माझा नंबर दुसऱ्या कोणी घासलेला मला चालणार नाही. तिने मान हलवली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला वाटलं, तिला आनंद झाला आहे आणि माझ्या मनाला लागू नये म्हणून ती दाखवत नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही माणूस असा बैल असू शकतो.

आयुधपूजेला आमच्याकडे सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. माहेरी आम्ही त्याला खंडेनवमी म्हणायचो. माहेरी काय, माझ्या गावी. या घरात इतकी वर्षं काढून आता माझंच सासर झालं आहे. पाने, हातोड्या, पंच, ग्राइंडर, तिच्या शाळेची लाकडी पट्टी आणि कंपास, अस्कं. सगळ्याला चंदन आणि कुंकू. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, चुरमुरे आणि गूळ. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, ते विश्रांती घेतं. मी दिवसभर त्या ग्राइंडरकडे बघत बसलो. कुंकू लावलेला ग्राइंडर, उद्या माझा नंबर खाणारा. मला देवाचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवापुढून ग्राइंडर उचलला, वायर लावली आणि बॉनेट उघडलं.

नंबरवर हिरवी खूण होती. दोनपासून चारपर्यंत, लांब शेपटीची. रंग अजून ओला होता. वही बाजूला बॅटरीवर उघडी ठेवलेली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: नंबर, तारीख, पास.

मी ग्राइंडर हातात घेऊन तसाच आत गेलो. ती कॉफी गाळत होती. मी म्हटलं, हे काय? गाडी रस्त्यावर गेलीच नाही अजून. तिने वर न बघताच विचारलं,

"काम कोणी केलं?"

"मी."

"नंबर कोणाचा?"

"माझा."

"मग आणखी काय बघायचं उरलं? पास झालेल्या कामाला करणाऱ्याने हात लावायचा नाही. तुम्हीच सांगटलां." मग पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या नंबरची गाडी घेऊन मी शाळेच्या दारात जाऊन उभी राहू? तीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून मारलं मी. कसाला जाऊ?"

फाटकात दलालाचा हॉर्न वाजला. ती हात पुसून बाहेर गेली आणि वर्गात शेवटच्या बाकावर पोचेल अशा आवाजात तिने त्याला तमिळमधून जे सांगितलं, ते ऐकून समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. तो परत आला नाही. मी स्वयंपाकघरात उभा होतो. रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रागानेच रडलो. तिच्याएवढं सरळ माणूस या गावात राहतं आणि तिला फाटकाबाहेर काढायला कोणाकडे रकाना नाही.

गाडी पोर्टिकोत आहे. दर शुक्रवारी ती इंजिन सुरू करते, पहिला गिअर टाकून फाटकापर्यंत जाते, ब्रेक लावते, मागे येते. एकवीस फूट. गाडी फाटकाजवळ आखलेल्या रेघेवर अगदी बरोबर थांबते. शेजारी आता बोम्मै कार म्हणत नाहीत, टीचरची कार म्हणतात.

आणि मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नवा फॉर्म घेऊन त्या खिडकीशी जातो. कारकून मला ओळखतो, पट्टी तयार ठेवतो. चौथ्या रकान्यात मी माझं नाव लिहितो. त्याखाली तपासणाऱ्यासाठी जागा नाही, म्हणून मीही आता घरून पट्टी नेतो. तिथे एक ओळ आखतो आणि तिचं नाव लिहितो. परवा त्याने माझ्या नावावर रेघ मारली, मग खालची ओळ वाचली, ही कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, हिने गाडी पास केली. त्याने पट्टी हातात धरली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि ती ओळ तशीच सोडून फॉर्म मला परत दिला.